मिउरा पुन्हा उभी करताना: काय जपायचं, काय बदलायचं

आता आपण सुट्या भागांकडे वळू. लॅम्बोर्गिनी मिउरा १९६६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. सीटांच्या मागे आडवं बसवलेलं १२ सिलिंडरचं इंजिन. एकूण गाड्या साडेसातशेहून थोड्याच जास्त, मग भाग मिळायचे कुठून? आधी तिचे नातलग शोधायचे. पुढचे दिवे मुळात फियाट ८५० स्पायडरचे, कार्ब्युरेटर वेबरचे. म्हणजे सगळंच काही दुर्मिळ नाही.

खरी अडचण इंजिनाच्या ओतीव कवचाची. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात, आणि सुरुवातीच्या गाड्यांत दोघांना तेलही एकच. गिअरचा झिजलेला कीस त्याच तेलातून बेअरिंगपर्यंत पोचू शकतो. म्हणून एक उघडलं की दुसरंही तपासायचं. कवच मात्र होईल तोवर दुरुस्त करून तेच ठेवायचं, कारण इंजिनाचा मूळ क्रमांक गेला की गाडीची अर्धी ओळख गेली.

पेट्रोलच्या रबरी नळ्यांचं उलट आहे. त्या मूळच्या आहेत म्हणून जपत बसू नये. कार्ब्युरेटर तापलेल्या इंजिनावरच बसलेले असतात. एक नळी तडकली, तर जपलेलं सगळंच जळून जाईल.