आकडा आणि मोल : महायुद्धकाळातील एक शिक्षक-निवृत्तिनिधी

'पेन्शन' हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला असला, तरी त्याच्या मुळाशी 'तोलणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. देणे चुकते करणे म्हणजे धातू तोलून देणे, अशी त्यामागील मूळ कल्पना. मराठीतील 'वर्षासन' हा शब्द प्रतिवर्षी मिळणाऱ्या नेमणुकीचा वाचक आहे; आणि आपल्या जुन्या महसुली व्यवहारात नक्त, म्हणजे रोखीचे देणे, व ऐनजिनसी, म्हणजे वस्तुरूपाने होणारे देणे, असा भेद स्पष्टपणे केला जात असे. खंडीभर भाताचे देणे महागाईतही खंडीभर भातच राहते. नक्त देण्याचा आकडा तेवढाच राहिला, तरी त्यात येणारे धान्य कमी होते. शिक्षकांचा निवृत्तिनिधी युद्धकाळात सांभाळताना कोणती अडचण येते, हे समजण्यास हा भेद उपयोगी पडतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन अध्यापकांच्या निधीचा इतिहास त्याचे बोलके उदाहरण आहे.

अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली विद्यापीठे व महाविद्यालये यांतील अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरची देणगी दिली. ती युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीच्या ५ टक्के व्याजाच्या रोख्यांच्या रूपाने होती. हेन्री प्रिचेट यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या कार्नेगी प्रतिष्ठानाने प्रारंभी अध्यापकांकडून काहीही न घेता वेतन देण्याचे ठरविले. परंतु पात्र अध्यापकांची संख्या वाढत गेली आणि हा भार केवळ देणगीच्या बळावर पेलणार नाही, हे थोड्याच वर्षांत दिसून आले. म्हणून १९१८ साली 'टीचर्स इन्शुअरन्स अँड अॅन्युइटी असोसिएशन' ही संस्था निर्माण करण्यात आली. अध्यापक व त्याचे महाविद्यालय या दोघांनी वर्गणी भरावी, संस्थेने ती गुंतवावी आणि निवृत्तीनंतर ठरलेल्या डॉलरांचे वर्षासन आमरण द्यावे, अशी ही योजना होती. आश्वासन हमीचे होते. मात्र ते डॉलरांचे होते, धान्याचे वा घरभाड्याचे नव्हते.

संस्थेचा जन्म पहिल्या महायुद्धातील. १९१४ ते १९२० या काळात अमेरिकेतील ग्राहक-किमती दुप्पट झाल्या होत्या. तेव्हा धोक्याची सूचना जन्मकाळीच मिळाली होती असे म्हणता येईल. पण पुढील काळाने ती पुसून टाकली. १९२० ते १९३३ या अवधीत किमती सुमारे एकतृतीयांशाने घसरल्या. मंदीत नोकऱ्या गेल्या, बँका बुडाल्या, शेअरबाजार कोसळला. ज्याच्या हाती ठराविक डॉलरांचे वर्षासन होते तो निवृत्त अध्यापक मात्र तुलनेने सुस्थितीत राहिला. आकडा स्थिर राहणे म्हणजेच सुरक्षितता, ही समजूत या अनुभवातून दृढ झाली असल्यास नवल नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या समजुतीची दोन बाजूंनी परीक्षा घेतली. पहिली बाजू व्याजाची. युद्धखर्चासाठी सरकारला प्रचंड कर्ज उभारावयाचे होते व ते स्वस्तात हवे होते. यास्तव फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने १९४२ पासून दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचा व्याजदर अडीच टक्क्यांच्या वर जाऊ दिला नाही. युद्धकर्जात पैसा गुंतविणे हे राष्ट्रकर्तव्य मानले जात होते. १९४५ च्या अखेरीस अमेरिकन आयुर्विमा कंपन्यांच्या एकूण मालमत्तेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भाग सरकारी रोख्यांत होता. व्याज उतरल्याचा परिणाम साध्या गणिताने दाखविता येतो. वीस वर्षे दरसाल १,००० डॉलर द्यावयाचे असतील, तर ४ टक्के दराने आरंभी सुमारे १३,५९० डॉलर हाताशी असले म्हणजे पुरते. अडीच टक्के दराने तेच देणे भागविण्यास सुमारे १५,५९० डॉलर लागतात. म्हणजे एकाच आश्वासनासाठी जवळजवळ १५ टक्के अधिक भांडवल हवे.

दुसरी बाजू किमतींची. युद्ध चालू असता नियंत्रणांमुळे महागाई काहीशी आवरली गेली. १९४६ साली ती उठताच किमतींनी उसळी घेतली. सरकारी ग्राहक-किंमत निर्देशांकाची वार्षिक सरासरी १९४० मध्ये १४.० होती, ती १९४५ मध्ये १८.० व १९४८ मध्ये २४.१ झाली. १९४० साली १,२०० डॉलरांचे वर्षासन घेऊन निवृत्त झालेल्या अध्यापकास १९४८ सालीही १,२०० डॉलरच मिळत; पण त्यांची क्रयशक्ती १९४० च्या सुमारे ७०० डॉलरांइतकीच उरली होती. खाजगी महाविद्यालयांतील अध्यापकांना १९५० च्या दुरुस्तीपर्यंत अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेचा आधारही नव्हता. त्यामुळे ज्या वृद्धास दुसरे उत्पन्न नव्हते, त्याच्या जेवणाखाण्यावर व औषधपाण्यावर ही घट प्रत्यक्ष पडत होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. या हानीत कोणी अपहार केला नव्हता, किंवा कोणता रोखा बुडाला नव्हता. हिशेबाच्या वह्या चोख होत्या. विश्वस्तांना दुसरा मार्ग फारसा उपलब्धही नव्हता, कारण न्यूयॉर्क राज्याच्या विमा कायद्याने आयुर्विमा संस्थांना सामान्य शेअरांत पैसा गुंतविण्यास १९०६ नंतर दीर्घकाळ मज्जाव केला होता. बुडण्याच्या भयाविरुद्ध केलेला हा बंदोबस्त झिजण्याच्या भयाविरुद्ध मात्र निरुपयोगी ठरला.

या अनुभवातून संस्थेतील विल्यम ग्रीनो यांनी १८८० पासूनच्या आकडेवारीचा अभ्यास केला व १९५१ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. केवळ शेअरांवर अथवा केवळ रोख्यांवर विसंबू नये, दोहोंचा मेळ घालावा, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानुसार न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने केलेल्या खास कायद्याने १९५२ साली 'कॉलेज रिटायरमेंट इक्विटीज फंड' स्थापन झाला. त्यात अध्यापकास आपल्या वर्गणीचा निम्म्यापर्यंतचा भाग शेअरांत घालण्याची मुभा मिळाली. या भागापोटी मिळणारे वर्षासन ठराविक डॉलरांत नव्हे, तर निधीच्या 'एककां'त मोजले जाई व एककाचे मोल बाजाराप्रमाणे बदले.

अर्थात हा उपायही निर्दोष नव्हे. १९७३-७४ मध्ये किमती चढत असतानाच अमेरिकन शेअरबाजार जवळजवळ निम्म्याने खाली आला. म्हणजे ज्या संकटासाठी एककांची योजना, नेमक्या त्याच संकटात ती लंगडी पडली. शिवाय मुळात संस्थेने पेललेली जोखीम या पद्धतीत अध्यापकाच्या शिरावर येते. जोखीम नाहीशी होत नाही. ती कोणी वाहावयाची एवढेच ठरते.

भारतात याच युद्धाच्या काळात सरकारी नोकरवर्गात 'महागाई भत्ता' रूढ झाला, तोही नक्त देण्याला वस्तूच्या मोलाशी बांधण्याचाच प्रयत्न होय. तिजोरीतून दिल्या जाणाऱ्या वेतनास अशी जोड देता येते, कारण तिचा भार पुढील करदात्यांवर टाकता येतो; साठविलेल्या निधीला स्वतःच्या उत्पन्नाबाहेर जाता येत नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने नेमलेल्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र शासनाने अंशदानाची योजना लागू केली, तेव्हापासून हा भेद येथील शिक्षकांच्याही व्यवहाराचा विषय झाला. म्हणून कोणत्याही निवृत्तियोजनेचे परीक्षण करताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत : आश्वासन कशाचे आहे, आकड्याचे की मोलाचे, ते पाळण्यासाठी पैसा कोठे गुंतविला आहे, आणि अंदाज चुकल्यास तूट कोणी सोसावयाची. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः करारात असते व दुसऱ्याचे ताळेबंदात. तिसऱ्याचे उत्तर पुष्कळदा कोठेच लिहिलेले नसते, आणि युद्धासारख्या आपत्तीत ते वृद्ध शिक्षकालाच द्यावे लागते.