औषध कसें जन्मास येतें

१८९७ सालीं आमच्या कुर्डुवाडीहून बार्शीकडे अरुंद मापाची आगगाडी धावूं लागली. त्याच सुमारास मुंबईस प्लेगनें हाहाकार उडविला होता. लोक घरेंदारें सोडून पळत होते.

अशा वेळीं, तेव्हां मुंबई विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत हाफकिन नांवाचे शास्त्रज्ञ रात्रंदिवस खपत होते. त्यांनीं प्लेगचे जंतु मांसरसांत वाढविले, उष्णतेनें मारिले व त्यांची लस केली. मेलेले जंतु रोग उत्पन्न करीत नाहींत. परंतु त्यांच्यामुळें शरीरास शत्रूची ओळख पटते व तें प्रतिकारास सज्ज होतें. प्रथम सशांवर प्रयोग झाले. नंतर ता. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ती लस स्वतःसच टोचून घेतली!

१९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं लस टोचलेले १९ जण धनुर्वातानें दगावले. दोष हाफकिन यांच्या माथीं आला; तो १९०७ सालीं दूर झाला. परळची प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांचेंच नांव धारण करिते.

पेनिसिलिनचीही कथा अशीच. १९२८ सालीं लंडनच्या इस्पितळांत फ्लेमिंग यांस बुरशीचा गुण दिसला. परंतु त्यापासून रोग्यास देण्याजोगें औषध सिद्ध केलें तें ऑक्सफर्ड विद्यापीठांतील फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, तेंही बारा-तेरा वर्षांनंतर.

विद्यार्थिमित्रांनो, औषधाची कुपी हातीं घ्याल तेव्हां तिच्यामागील हें धैर्य व ही चिकाटी आठवा. पालकांनींही मुलांच्या 'असें कां?' या प्रश्नास कंटाळूं नये. प्रत्येक प्रयोगशाळेचा पाया त्याच प्रश्नावर रचलेला असतो.