पळसाचे पान आणि मुलांचा कागद

प्राथमिक शाळेतील मुलास ‘मनाने चित्र काढ’ असे सांगितले, की बहुधा दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, एक झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड असे चित्र तयार होते. ज्या शिवारात नारळ औषधालाही सापडावयाचा नाही, तेथील मुलेदेखील नारळच काढतात. हात सराईत झालेला असतो. डोळा मात्र कामास लागलेलाच नसतो. परिसराविषयी आस्था निर्माण करावयाची, तर आधी परिसर दिसावयास हवा. आणि त्या कामी चित्रकलेच्या तासाइतके स्वस्त साधन शिक्षकाजवळ दुसरे नाही.

याकरिता वर्गाने शाळेजवळचे एकच झाड निवडावे व दर महिन्यास त्याच्यासमोर बसून त्याचेच चित्र काढावे. उदाहरणादाखल पळस घेऊ. जेथे पळस नाही, तेथे बाभूळ वा करंज चालेल. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मुलांच्या कानांवरून गेलेली असते. तथापि ही तीन पाने म्हणजे एकाच पानाची तीन दले होत, त्यांतील मधले मोठे व बाजूची दोन तिरकस असतात, ही गोष्ट पाहून काढल्यावाचून ध्यानात येत नाही. पानाची पाठ वर करून त्यावर पातळ कागद धरावा व कोळसा आडवा धरून हलकेच घासावा, म्हणजे शिरांचे जाळे कागदावर उमटते. पुढे पाने झडतात, फाल्गुनाच्या सुमारास निष्पर्ण फांद्या केशरी फुलांनी भरतात, मग चपट्या शेंगा लागतात व त्यांच्या टोकाशी एकेकच बी असते. प्रत्येक चित्राखाली तारीख आणि त्या दिवशी झाडावर दिसलेले पक्षी व किडे लिहावेत. पाने नसताना फुले कशी आली, हा प्रश्न मूल आपण होऊन विचारील. त्याचे उत्तर लगेच देण्याची घाई करू नये.

रंगही गावातलेच घ्यावेत. गळून पडलेली पळसफुले पाण्यात उकळली असता पिवळसर केशरी रंग मिळतो. फांदी मात्र ओरबाडू देऊ नये. हळदीत चुन्याची निवळी मिसळताच ती लाल होते. चुना डोळ्यांस अपायकारक असल्याने हे काम शिक्षकाने स्वतः करावे. गेरू, कोळसा आणि तांदळाची पिठी एवढ्या सामग्रीवर पालघर भागातील वारली स्त्रियांनी भिंती चितारल्या. त्याच परंपरेतील जिव्या सोमा मशे यांस 2011 साली पद्मश्री मिळाली. मात्र वारलीच्या आकृत्या गिरवून घेणे म्हणजे नारळाच्या जागी दुसरा साचा आणणे होय. आणि ‘पर्यावरण वाचवा’ ही अक्षरे थर्मोकोलवर कोरून घेण्याविषयी काय बोलावे! महाराष्ट्रात त्याच्या अनेक वस्तूंवर 2018 सालीच बंदी आली आहे.

चित्रांस सुबकतेबद्दल गुण देऊ नयेत. किती पाहिले, ते पाहावे. ग्रामसभेच्या दिवशी ती चित्रे ओळीने टांगावीत. वर्षाच्या मध्येच रस्त्यासाठी वा सरपणासाठी ते झाड तोडले गेले, तरी उपक्रम थांबवू नये. उरलेल्या खोडाभोवती मुलांना बसवावे, दोरीने घेर मोजून घ्यावा, आणि त्या महिन्याचे चित्र त्या खोडाचे काढून आधीच्या चित्रांशेजारी लावावे.