एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स
14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित सपोर्ट संपला. टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नसलेले जुने लॅपटॉप विंडोज 11 साठी पात्र ठरत नाहीत. लंडनमधल्या ईलिंगच्या घरात असा लॅपटॉप पडून असेल तर तो टाकून देऊ नका. जुन्या फायली आणि सॉफ्टवेअरसाठी विंडोज राहू द्या, इंटरनेटच्या कामांसाठी शेजारी उबुंटू हे लिनक्स बसवा.

आधी बॅकअप घ्या, यात तडजोड नको. डिस्क एन्क्रिप्ट करणारं बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूसाठी किमान 25 जीबी जागा मोकळी करा. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपेत राहतं आणि लिनक्सला त्यावर लिहिता येत नाही. उबुंटू बसवताना कीबोर्ड ‘इंग्लिश (यूके)’ निवडा. अमेरिकन निवडलात तर @ आणि " यांची अदलाबदल होते आणि पासवर्ड चुकतो.

घड्याळाची गंमत मात्र ईलिंगमध्येच कळते. मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक मानतं, लिनक्स यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. पुण्यात त्यामुळे साडेपाच तासांचा घोळ पहिल्याच दिवशी दिसतो. इथे हिवाळ्यात दोन्ही वेळा एकच असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे गेली, की मग लिनक्समधून परतल्यावर विंडोज तासभर मागे दिसू शकतं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ ही कमांड वापरून लिनक्सलाही स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं.