पेटी बागेची, जबाबदारी विक्रेत्याची

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराकडे जाणारा रस्ता हातखंबा येथे फुटतो. चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्यांनी भरलेली वाहने या तिठ्यावरून बाहेरगावी रवाना होतात. बागायतदाराने पेटी अडत्याकडे धाडावी व अडत्याने विक्रीची पट्टी पाठवावी, हा जुना परिपाठ आजही चालू आहे. त्याच्या जोडीला आता ऑनलाइन बाजारपेठ आली असून तीत एक नवा विक्रेता दिसू लागला आहे. त्याची स्वतःची बाग नसते, वखारही नसते. तो मोबाइलवर मागणी नोंदवितो, ग्राहकाकडून पैसे घेतो आणि बागायतदारास पत्ता कळवितो. पेटी बागेतून थेट ग्राहकाच्या घरी जाते. या पद्धतीस ‘ड्रॉप शिपिंग’ असे म्हणतात.

हा व्यवसाय बेकायदेशीर नाही. भांडवल नसलेल्या तरुणास व महिला बचत गटास तो उपयुक्तही ठरू शकतो. तथापि, माल आपल्या हातून गेला नाही म्हणजे आपली जबाबदारीही नाही, हा समज मात्र चुकीचा आहे.

अडत्या आणि विक्रेता

अडत्या बागायतदाराच्या वतीने माल विकतो. ड्रॉप शिपिंग करणारा मात्र स्वतःच्या नावाने विकतो. पेटीत आंबा डागी निघाला, डझनात फळे कमी भरली किंवा पेटी उशिरा पोहोचली, तर ग्राहक पावतीवरील नावाकडेच दाद मागणार. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांचे स्वतःचे नियमही याच तत्त्वावर आधारलेले आहेत. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या नियमानुसार पावतीवर व वेष्टनावर विक्रेता म्हणून स्वतःचेच नाव असावे लागते आणि परत आलेला माल स्वीकारण्याची जबाबदारीही त्याचीच असते. दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून माल विकत घेऊन तो तेथून परस्पर ग्राहकास पाठविण्यास मनाई आहे.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये ई-वाणिज्य नियम जारी केले. त्यांतील विक्रेत्याची प्रमुख कर्तव्ये अशी :

१. बाजारपेठ चालविणाऱ्या संस्थेशी आधी लेखी करार करणे.
२. जाहिरातीतील वर्णन प्रत्यक्ष मालाशी जुळते ठेवणे. ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्याच मालाची स्तुती करण्यास मनाई आहे.
३. सर्व आकारांसह एकूण किंमत, मालाचा मूळ देश आणि माल परत घेण्याच्या अटी स्पष्ट दर्शविणे.
४. सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास व पैसे परत करण्यास नकार न देणे.
५. तक्रार निवारण अधिकारी नेमणे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची असून तिचे निवारण एका महिन्यात करावयाचे आहे.

घरगुती व खासगी स्वरूपाच्या एखाद्या विक्रीस हे नियम लागू नाहीत. मात्र नियमित व पद्धतशीर धंदा करणाऱ्यास ते लागू होतात.

आंबापोळी, कोकम सरबत, लोणचे असे पदार्थ विकणाऱ्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी अथवा परवाना घ्यावा लागतो. बंद पाकिटावरील निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत व पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता हा तपशील ऑनलाइन पानावरही द्यावा लागतो. वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने येथे दोन विक्री होतात : बागायतदाराची विक्रेत्यास आणि विक्रेत्याची ग्राहकास. म्हणून पावत्याही दोन असाव्यात. ताजा आंबा करमुक्त आहे. प्रक्रिया केलेल्या पदार्थांबाबत मात्र ऑनलाइन विक्री सुरू करण्यापूर्वीच नोंदणीविषयी कर सल्लागाराकडून खात्री करून घ्यावी.

हापूसचे नाव

ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील आंबाच त्या मानांकनाखाली ‘हापूस’ म्हणून विकता येतो. न पाहिलेला आंबा विकणाऱ्याकडून येथेच चूक होण्याचा संभव अधिक असतो. परप्रांतातील फळ या नावाने गेल्यास ग्राहकाची फसवणूक होते आणि वर्षभर राबलेल्या बागायतदाराचा भाव पडतो. कॅल्शियम कार्बाइडने पिकविलेली फळे विकण्यास कायद्याने बंदी आहे. ‘पिकविण्याचे काम माझे नव्हते’ हे उत्तर विक्रेत्यास पुरेसे नाही.

यास्तव बागायतदाराशी लेखी बोली करावी. फळाची प्रत, वजन, पेटीतील संख्या, पाठवणीची मुदत आणि नासक्या फळांची भरपाई कोणी द्यावयाची, हे तीत नमूद असावे. निदान पहिली पेटी स्वतः उघडून पाहावी.

गावाचे कार्य

हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत हे नियम वाचून दाखविता येतील. बोलीचा साधा नमुना ग्रामपंचायतीत ठेवता येईल. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना पावती वाचावयास शिकविल्यास उद्याचा विक्रेता व ग्राहक दोघेही सावध होतील. फसगत झालेल्या ग्राहकास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही त्याला दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. म्हणजेच, हातखंब्याहून गेलेल्या पेटीबद्दल विक्रेत्यास नागपूरच्या आयोगापुढेही उत्तर द्यावे लागू शकते. पेटी कोणाच्याही बागेतून गेलेली असो, पावतीवर ज्याचे नाव, त्याचीच जबाबदारी, हे ध्यानी ठेवूनच या धंद्यात पाऊल टाकावे.