एका धोट्यावर गांव जगत नाहीं

एखाद्या घरांत खाणारीं माणसें दहा आणि मिळवता एकच असला, म्हणजे त्या घराची स्थिति कशी असते, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस निराळें सांगावयास नको. मिळवत्याचा पगार वेळेवर येतो तोंवर सणवार, मुंजी, पाहुणेरावळे सर्व यथासांग होतें; त्यानें महिनाभर अंथरूण धरलें कीं वाण्याकडील खातें वाढूं लागतें. नगराचाही संसार असाच असतो. ज्या शहराची चूल एकाच धंद्यावर पेटते, त्यानें तो धंदा कसा जपावा, आणि त्याच धंद्याच्या आधारानें दुसरे धंदे कसे उभे करावे, याचा विचार इचलकरंजीच्या उदाहरणानें येथें करावयाचें योजिलें आहे.

इचलकरंजीचें नांव आपल्या घरांतून बहुधा गायनाच्या किंवा साहित्याच्या निमित्तानें निघतें. गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यामुळें तें संगीतप्रेमी मंडळींच्या तोंडीं बसलें. १९७४ सालीं पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखालीं मराठी साहित्यसंमेलन भरलें तेंही येथेंच. परंतु गांवाची देशभर ख्याति आहे ती कापडासाठीं. कोल्हापूरच्या पूर्वेस पंचगंगेच्या कांठीं वसलेलें हें गांव घोरपडे घराण्याच्या जहागिरीचें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जहागिरीचा कारभार पाहणारे श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनीं विद्या आणि कला यांच्याबरोबर उद्योगासही आश्रय दिला. त्यांच्या उत्तेजनाच्या काळांत, १९०४ सालीं, विठ्ठलराव दातार यांनीं गांवांत पहिला यंत्रमाग बसविला. त्या एका मागाचा विस्तार होत होत भरभराटीच्या दिवसांत मागांची संख्या लाखाच्या घरांत गेली. २०११ च्या खानेसुमारींत गांवची वस्ती सुमारें २ लक्ष ८७ हजार भरली आणि २०२२ सालीं येथील नगरपालिकेची महानगरपालिका झाली. 'महाराष्ट्राचें मँचेस्टर' हें बिरुद लोकांनीं या गांवास दिलें तें उगीच नव्हे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मुंबईस कापडाचा धंदा वाढला तो मोठमोठ्या गिरण्यांच्या रूपानें. एकेका आवारांत हजारों मजूर आणि एकच मालक. इचलकरंजीचा धंदा वाढला तो गल्लीगल्लींतून. कोणाचे चार माग, कोणाचे आठ, कोणाचे चोवीस. हातमागावर पिढ्यानपिढ्या विणणारीं कोष्टी कुटुंबें यंत्राकडे वळलीं. शेतकरी आले, व्यापारी आले, पुढें परप्रांतांतून मजूर आले. प्रथम लुगडीं आणि धोतरें, मग पॉपलिन, केंब्रिक असें कोरें कापड निघूं लागलें. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांना उतरती कळा लागली, तेव्हां त्यांच्या हातचें बरेंचसें काम भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी अशा यंत्रमागांच्या गांवांकडे वळलें. मोठा वृक्ष उन्मळून पडला, परंतु हें गवत वाऱ्यांत तगून राहिलें.

माग म्हणजे केवळ खडखडणारें एक यंत्र, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं कापडाचा प्रवास एकदां पाहावा. सूत येतें तें कोनावर गुंडाळलेलें. त्याचे शेंकडों धागे समांतर लावून ताणा करावयाचा. त्यास सायझिंगमध्यें खळ द्यावयाची, म्हणजे विणतांना धागा तुटत नाहीं. तो ताणा बिमावर गुंडाळावयाचा. मग वहिफणीचा कामगार एकेक धागा वहींतून आणि फणींतून ओवतो. हें काम डोळ्यांचें आणि धीराचें. आडव्या सुताच्या कांड्या भरावयाच्या, त्या धोट्यांत घालावयाच्या, आणि तेव्हां कोठें माग चालूं लागतो. बिघाड काढावयास जॉबर हवा, विणलेलें कापड तपासून घड्या घालावयास घडीवाला हवा, गांठी वाहून नेण्यास गाडीवाला हवा. एका मागाच्या पाठीमागें इतके हात गुंतलेले असतात, आणि त्यांतील प्रत्येक हात हा एका स्वतंत्र धंद्याचा अंकुर असतो. गांवच्या धंद्याला शाखा फुटतात त्या अशाच ठिकाणीं.

इचलकरंजीच्या इतिहासांत त्या फुटल्याही. मागाचा एखादा भाग मोडला तर तो मुंबईहून येईपर्यंत माग बंद ठेवणें परवडत नसे. म्हणून गांवांतच लेथ, ओतकाम आणि सुटे भाग यांचीं दुकानें निघालीं. मागाचा दांता कापतां येतो त्यास इतर यंत्राचाही कापतां येतो. अशा वातावरणांतच गांवांत 'फाय' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या फ्युएल इन्स्ट्रुमेंट्स अँड एंजिनिअर्ससारखा कारखाना वाढला. धातूची ताकद मोजणारीं परीक्षणयंत्रें तो करतो, आणि अशा मालाचा कापडाच्या बाजारभावाशीं कांहीं संबंध नाहीं. सूत महाग झालें तरी त्याचें गिऱ्हाईक तुटत नाहीं. घरांतला दुसरा मिळवता म्हणावयाचा तो असा.

शेतीच्या अंगानेंही अशीच शाखा फुटली. घटनासमितीचे सभासद देशभक्त रत्नाप्पा कुंभार यांच्या पुढाकारानें गांवाशेजारीं पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि आसपासच्या ऊंसकरी शेतकऱ्याचा पैसा याच बाजारपेठेंत खेळूं लागला. सूत व्यापाऱ्याच्या मर्जीवर मिळत असे. त्यावर उपाय म्हणून डेक्कन को-ऑपरेटिव्ह स्पिनिंग मिलसारख्या सहकारी सूतगिरण्या निघाल्या. एकेकट्या लहान मालकास जी जागा, वीज आणि रस्ता मिळविणें कठीण, ती अनेकांनीं एकत्र येऊन मिळवावी या हेतूनें सहकारी औद्योगिक वसाहती झाल्या. पेढ्या आणि सहकारी बँका यांनीं खेळतें भांडवल पुरविलें. हे सर्व उपाय एकाच जातीचे आहेत हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. कोणीं कोणास धंदा फुकट काढून दिला नाहीं. एकट्यास न झेपणारी गोष्ट तेवढी सर्वांनीं मिळून उभी केली.

यांतील सर्वांत दूरवर पोंचणारें काम, माझ्या मतें, शिक्षणाचें. दत्ताजीराव कदम यांच्या नांवाच्या संस्थेनें १९८२ सालीं येथें वस्त्रविद्या आणि यंत्रविद्या यांचें महाविद्यालय काढलें, आणि तें भरलें कोठें, तर जहागीरदारांच्या जुन्या राजवाड्यांत. ज्या वास्तूंत पूर्वी दरबार भरत असे, तेथें आतां मुलें आणि मुली सुताचा पीळ मोजावयास शिकतात. उभा जन्म शाळेंत घालविलेल्या माणसास याहून समाधान वाटावें अशी दुसरी गोष्ट क्वचितच सांपडेल.

आतां या चित्राची दुसरी बाजू. इतकें असूनही गांवाचा मुख्य भार अजून कोऱ्या कापडावरच आहे, आणि त्यांतील लहान मालकाची स्थिति नाजूक आहे. येथें 'खर्चीवाला' म्हणून एक वर्ग आहे. माग त्याचे, जागा त्याची, विजेचें बिल त्याचें. सूत मात्र व्यापाऱ्याचें आणि कापडही व्यापाऱ्याचें. त्यास मिळते ती केवळ विणावळ, आणि ती ठरते पिकावर, म्हणजे इंचभर कापडांत आडव्या सुताचे जितके धागे बसतात त्यांवर. दर पिकास अमुक पैसे. रुपयांचा नव्हे, पैशांचा हा हिशेब. बाजार चढला तर नफा व्यापाऱ्याचा, पडला तर पहिला माग बंद होतो तो खर्चीवाल्याचा. नोव्हेंबर १९१६ नव्हे, अगदीं अलीकडच्या नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदी आणि जुलै २०१७ चा वस्तु व सेवा कर, या दोहोंचा धक्का रोखीच्या व्यवहारावर चालणाऱ्या या लहान माणसास अधिक बसला. दुसरीकडे, १९९९ पासून सरकारनें नवीन यंत्रांस अर्थसाह्य दिल्यामुळें धोट्यावांचून चालणारे वेगवान माग आले. ज्यांस भांडवल मिळालें ते पुढें गेले. ज्यांस मिळालें नाहीं त्यांचे कित्येक साधे माग भंगाराच्या भावानें गेले. बरेंचसें कोरें कापड रंगाईस आणि शिवणीस परगांवीं जातें, आणि मोलाची खरी वाढ तेथेंच होते. दूध आपलें आणि लोणी शेजाऱ्याचें, असा हा प्रकार आहे.

त्याहून मोठी चिंता पाण्याची. कापड धुणें, रंगविणें, खळ देणें यांस पाणी लागतें, आणि वापरलेलें पाणी कोठें तरी सोडावें लागतें. शहराचें सांडपाणी आणि कारखान्यांचें पाणी पंचगंगेंत जात राहिलें. हीच पंचगंगा पुढें नरसोबाच्या वाडीस कृष्णेस मिळते. ज्या संगमावर आपण श्रद्धेनें स्नान करतों, ज्याचें तीर्थ घरीं आणतों, त्या पाण्यांत काय वाहून येतें, याचा विचार वाडीस जाणाऱ्या प्रत्येकानें करावा. २०१२ सालीं इचलकरंजींत काविळीची मोठी सांथ आली. हजारोंस लागण झाली आणि कित्येकांचे प्राण गेले. पिण्यासाठीं शहरास दूर कृष्णेवरून पाणी आणावें लागतें, तेंही पुरत नाहीं. वारणेवरून आणावें म्हटलें, तों २०१८ सालीं दानोळीच्या ग्रामस्थांनीं विरोध केला. दूधगंगेवरील सुळकूडच्या योजनेसही कांठच्या गांवांनीं हरकत घेतली. या गांवकऱ्यांस स्वार्थी म्हणणें सोपें आहे. परंतु ज्या शहरानें दारची नदी नासविली, त्यास आपली नदी देण्यास शेजारी कचरला, तर त्यास सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. गांवानें धंद्यास जागा दिली, पैसा दिला, विद्या दिली. पाण्याचा हिशेब मात्र वेळच्या वेळीं मांडला नाहीं, आणि आतां त्या एका उणिवेमुळें बाकीच्या सर्व गोष्टी अडून बसण्याची वेळ आली आहे.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांस या गोष्टी अपरिचित नव्हत्या. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत 'सूत्राध्यक्ष' नांवाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्यायच लिहिला आहे. विधवा, अपंग आणि घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया यांच्याकडून सूत कातवून घ्यावें. सूत जाड, मध्यम कीं बारीक हें पाहून वेतन ठरवावें. आणि वेतन देण्याची वेळ टाळणाऱ्या अधिकाऱ्यास दंड करावा, असें तो सांगतो. त्याच ग्रंथाच्या आरंभीं आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीति अशा चार विद्या सांगितल्या असून शेती, पशुपालन आणि व्यापार यांस 'वार्ता' म्हटलें आहे. आपल्या पांढरपेशा घरांनीं त्रयीचें अध्ययन केलें, पुढें इंग्रजी विद्या घेतली, परंतु वार्तेस विद्येच्या पंक्तीस बसूं दिलें नाहीं. मुलगा कारकून झाला तर पेढे वाटावयाचे आणि लेथवर उभा राहिला तर 'काय करणार, अभ्यासांत डोकें नव्हतें' म्हणून कुजबुजावयाचें, ही रीत अजूनही पुष्कळ घरांतून आढळते. मग गांवांत धंदे वाढत नाहींत आणि मुलें परगांवीं जातात म्हणून आपणच हळहळतों.

तेव्हां करावें काय? नगरसंस्थेच्या बाजूनें पाहतां तीन गोष्टी मला मुख्य वाटतात. पहिली, वापरलेलें पाणी शुद्ध करून पुन्हां कारखान्यांसच देण्याची व्यवस्था. नदीचें रक्षण आणि धंद्याची सोय या दोन्ही गोष्टी तिनें साधतात. दुसरी, रंगाई आणि शिवण हीं कामें गांवांतच वाढावीं म्हणून लहान माणसास परवडेल अशी जागा; शिवणकामांत स्त्रियांच्या हातांसही मान मिळेल. तिसरी, कापडाखेरीज दुसरा धंदा काढूं पाहणाऱ्यास परवाने, वीज, रस्ता यांसाठीं दहा दारें झिजवावीं लागूं नयेत. हीं तत्त्वें इचलकरंजीपुरतीं नाहींत. ज्या गांवचा मुख्य धंदा हळद असेल, द्राक्षें असतील, ओतकाम असेल, त्यानेंही हाच प्रश्न स्वतःस विचारावा, कीं या धंद्याच्या पाठीमागें राबणाऱ्या हातांपैकीं कोणता हात उद्यां स्वतंत्र धंदा करूं शकेल, आणि त्यास कोणती एक गोष्ट कमी पडत आहे.

आणि घराच्या बाजूनें पाहतां, एकत्र कुटुंब ही या कामीं मोठी सोय आहे, हें आपण विसरूं नये. चार भावांपैकीं तिघांचा पगार ठरलेला असला, तर चौथ्यास पांच वर्षें धंद्याची उमेदवारी करूं देणें घरास जड जात नाहीं. घर त्यास जेवण देतें, धीर देतें, आणि पहिल्या अपयशानंतर दुसरी संधि देतें. कोणतीही बँक यांतील शेवटची गोष्ट सहसा देत नाहीं. वडील मंडळींनीं एवढें मन मोठें केलें, मुलींनांही यंत्रविद्येकडे जाण्यास आडकाठी केली नाहीं, आणि नगरसभेच्या निवडणुकीच्या वेळीं उमेदवारास देवळाच्या जीर्णोद्धाराइतक्याच आस्थेनें सांडपाण्याविषयीं विचारलें, तर आपापल्या गांवाच्या संसारास दुसरा मिळवता लाभण्यास फार काळ लागूं नये. सूज्ञ वाचकांनीं या विषयाची घरांत, रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर, एकदां चर्चा करावी, एवढीच विनंति.