तयार खाद्यपदार्थांतील अदृश्य मीठ

मिठाच्या अतिरेकाची चर्चा सामान्यतः पानात वाढलेल्या चिमूटभर मिठापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ‘वरून मीठ घेऊ नका’ असे वैद्य सांगतात व रक्तदाबाचा रोगी ते निष्ठेने पाळतो. परंतु जे मीठ आपल्या हातून अन्नात पडतच नाही, त्याचा हिशेब कसा करावयाचा?

या दृष्टीने १९८७ साली प्रसिद्ध झालेला एक ब्रिटिश अभ्यास उद्बोधक आहे. जेम्स, राल्फ व सांचेझ-कास्टिलो या संशोधकांनी घरगुती मिठास लिथियमची खूण लावली आणि मूत्रातील लिथियम मोजून त्या मिठाचा माग काढला. स्वयंपाकातील व ताटातील मीठ मिळून एकूण सेवनाच्या सुमारे १५ टक्केच भरले. उरलेल्यातील बहुतांश मीठ कारखान्यात तयार झालेल्या पदार्थांतून आलेले होते.

उत्पादक मीठ घालतो ते केवळ चवीसाठी नव्हे. मिठामुळे जंतूंना उपलब्ध होणारे पाणी कमी होते. पावाच्या कणकेस बळकटी येते व किण्वाचा वेग आवरला जातो. मांसातील प्रथिने अधिक पाणी धरून ठेवतात, म्हणजे वजनही वाढते. (हे शेवटचे कारण व्यापाऱ्यास प्रिय असावे, हे सांगणे नलगे.) वेफरवरील मीठ पृष्ठभागावर असल्याने जिभेस तत्काळ जाणवते, पावातील मीठ आत मुरलेले असल्याने जाणवत नाही, आणि पाव तर आपण पोटभर खातो.

वेष्टनावर आकडा सोडियमचा असतो, मिठाचा नव्हे. त्यास २.५ ने गुणले असता मिठाचे तुल्य प्रमाण मिळते. एखाद्या पुडीत १००० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते २.५ ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसास ५ ग्रॅमांहून कमी मीठ इष्ट मानले आहे. म्हणजे निम्मी मर्यादा एका पुडीतच संपली. शिवाय खाण्याचा सोडा, पापडखार, मोनोसोडियम ग्लुटामेट यांतूनही सोडियम येते. सोड्यात वजनाने सुमारे २७ टक्के सोडियम असूनही तो खारट लागत नाही.

मीठ हळूहळू उतरवल्यास जिभेस फरक कळत नाही. ब्रिटनमध्ये उत्पादकांना टप्प्याटप्प्याची उद्दिष्टे देण्यात आली, तेव्हा सरासरी दैनिक सेवन २००१ ते २०११ या काळात ९.५ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आले. उद्दिष्टे ऐच्छिक होती. पुढे ही घट थबकली.

हे निष्कर्ष जसेच्या तसे भारतास लावणे मात्र युक्त नव्हे. आपल्याकडे मिठाचा मोठा वाटा अद्याप घरच्या स्वयंपाकाचा आहे. तथापि शहरी न्याहारीत पाव, बिस्किटे, फरसाण व झटपट शेवया यांनी आपले स्थान पक्के केले आहे. २०२० च्या नियमांनुसार बंद वेष्टनावर सोडियम नोंदवणे बंधनकारक आहे. पण बेकरीतील सुटा पाव आणि कागदात बांधून मिळणारे फरसाण यांस वेष्टनच नसते.